तिसऱ्या बाकासाठी पुरवणी

शाळेच्या फाटकावर पंधरा दिवसांपूर्वी परीक्षेचा पांढरा कागद चिकटवला. त्याच्या आदल्या दिवशीच मला कळलं होतं. गल्लीच्या तोंडाशी रसवंतीचा गाडा असतो, तो रसवंतीवाला चाकाची घुंगरं सोडून पोत्यात भरत होता. "बोर्डाचे पेपर लागले ताई," तो म्हणाला, "पोरांचं ध्यान जातं." ऊस पिळला जात होता, चाक फिरत होतं आणि आवाज नव्हता. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्यानं शटर खाली ओढलेलं. कडुनिंबाची पिवळी पानं आमच्या अंगणात, त्यांच्यावर टँकरनं उडवलेली धूळ. पहिल्या पेपरला अकरा वाजता घंटा झाली आणि सगळी गल्ली तीन तासांसाठी गप्प झाली.

मी घरात वळून बघितलं. अण्णा पलंगावर होते. छताकडं बघत होते. घंटा त्यांनी ऐकली की नाही, सांगता येत नाही. आईनं ऐकली. ती हातातली मेथी निवडायची थांबली, पलंगाकडं बघत राहिली, आणि मग पुन्हा निवडायला लागली.

सरळच लिहिते. मला वळणं घेता येत नाहीत. मी पत्रकं लिहिणारी पोरगी आहे. क्रांती चौकात सिग्नल लाल असेपर्यंत माणूस जेवढं वाचेल तेवढंच लिहायचं, असं मला संघटनेत शिकवलं. वर ठळक मथळा, मध्ये अन्याय, खाली मागण्या. गेली सहा वर्षं घरकाम करणाऱ्या बायकांसाठी मी हेच करतेय. पत्रकाची एक सोय असते. त्यात चूक नेहमी दुसऱ्याची असते.

हे लिहिणं त्या सोयीचं नाही.

अण्णांनी आयुष्यभर सिल्लोड तालुक्यातल्या शाळांमधून गणित शिकवलं. शेवटची बारा वर्षं ते परीक्षेचे केंद्रसंचालक होते. आमच्या घरात दिवाळीपेक्षा मार्च मोठा. मार्चमध्ये अण्णांचे कपडे कडक इस्त्रीचे, जेवण अर्धं, बोलणं त्याच्याहून अर्धं. आपल्या भागात परीक्षेला काय चालतं, हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. मामा, चुलते, गावातले टगे, सगळे खिडक्यांना लटकून कॉप्या पुरवणार. अण्णांच्या केंद्रावर हे होत नसे. एका गावात त्यांनी खिडक्या लावून घेतल्या तर बाहेरून दगड आला. काच फुटली आणि डाव्या भुवईवर तीन टाके पडले. रक्त रुमालात धरून त्यांनी पेपर पूर्ण होऊ दिला, गठ्ठे मोजले, सील केले आणि मग दवाखान्यात गेले. मला तेव्हा वाटायचं, माझा बाप म्हणजे मोर्चा आहे. एकट्या माणसाचा.

निवृत्त झाल्यावर त्यांनी शहरात घर घेतलं ते ह्या शाळेच्या मागं. "घंटा ऐकू आली पाहिजे," म्हणाले. आई म्हणाली होती, "लोकं देवळाची घंटा ऐकू येईल असं घर बघतेत, ह्यांचं बघा." तेव्हा हसलो होतो आम्ही.

आजार आला तो चोरपावलांनी आला. आधी चष्मा फ्रीजमध्ये, मग पेन्शनच्या कागदावर सही करताना हात अडला, मग न्हाणीघराचा रस्ता हरवला. गल्लीतल्या डॉक्टरांनी विसरण्याचा आजार म्हणून सांगितलं. विसरण्याला माणूस सरावतो. आम्हीही सरावलो. पण मागच्या वर्षी बोर्डाच्या पहिल्या पेपरला अकराची घंटा झाली आणि अण्णा खुर्चीतून उठले. कितीतरी महिन्यांत ते असे ताठ उठले नव्हते. हॉलच्या मधोमध उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "चपला बाहेर काढा. दप्तरं भिंतीकडं. कुणीही मागं बघायचं नाही."

हॉलमध्ये मी होते, सोफा होता, फ्रीज होता.

"अण्णा, कुणाला म्हणताय? इथं कुणी नाही."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. शाळेत उशिरा आलेल्या पोरीकडं पाहावं तसं. "तुम्ही कोण? ओळखपत्र?"

"मी जयू. तुमची मुलगी. हे घर आहे. शाळा मागं आहे. इथं मुलं नाहीत."

मला खरं बोलायची सवय. वाटायचं, खरं ठामपणे आणि वारंवार सांगितलं की समोरचा बदलतो. मी ठाम होते. मी वारंवार सांगितलं. पाचव्यांदा सांगितल्यावर अण्णा एक पाऊल मागं सरकले. सबंध वर्ग समोर बसलेला दिसतोय आणि एक परकी बाई 'कुणी नाही' म्हणतेय. तुम्हाला भीती नाही वाटणार? ते भिंतीला टेकले आणि पाठीमागं हात नेऊन भिंत चाचपायला लागले, भिंत तरी खरी आहे का ते बघायला.

आई स्वयंपाकघरातून आली. पदराला हात पुसले. मला बाजूला केलं आणि म्हणाली, "सर, पाणी देऊ का?"

सदतीस वर्षांत तिनं त्यांना 'अहो' सोडून दुसरी हाक मारली नव्हती.

अण्णांचे खांदे सैल झाले. "हो मावशी," ते म्हणाले. "आधी मुलांना द्या."

मावशी. शाळेत पाणी भरणारी, घंटा देणारी, बाक पुसणारी बाई असते ना, तिला सगळी शाळा मावशी म्हणते. अण्णांच्या डोक्यात त्या दिवशी आईला ती जागा मिळाली. आईनं तांब्या घेतला आणि रिकाम्या हॉलमध्ये ओळीनं फिरली. सोफ्याजवळ वाकली, फ्रीजजवळ वाकली, टीव्हीजवळ वाकली. दोन ओळी झाल्यावर अण्णा म्हणाले, "तिसऱ्या बाकावर राहिलं," आणि ती मागं फिरून फ्रीजपाशी पुन्हा वाकली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बायकांच्या बैठकांत मी काय बोलते? घरातल्या फुकटच्या राबणुकीबद्दल बोलते. आणि माझ्याच घरात नवरा बायकोला शिपाईण समजतो आणि ती 'आले सर' म्हणते.

"तुला वाईट वाटत नाही?" मी दुपारी तिला विचारलं.

"कशाचं?"

"मावशी म्हणतात."

"मावशी तर मावशी," ती भाकरी थापत म्हणाली. "हाक तर मारतेत. मधी महिनाभर ती बी नव्हती."

आधी ते तिला 'अगं' म्हणायचे. नावानं कधीच नाही. 'अगं' एवढंच, पण त्याचे दहा सूर होते. चहासाठीचा वेगळा, रागाचा वेगळा, पाकीट सापडत नसल्याचा वेगळा. तो 'अगं' कधी बंद पडला ते मला सांगता येणार नाही. आईला सांगता येईल, पण मी विचारलं नव्हतं.

बोर्डाच्या परीक्षेत मुलांना उत्तरपत्रिका संपली की जादा कागद मिळतो. त्याला पुरवणी म्हणतात. "सर, पुरवणी!" असं ओरडायचं, हात वर करायचा, मग पर्यवेक्षक कागद देतात आणि शेवटी तो मूळ उत्तरपत्रिकेला दोऱ्यानं बांधायचा. बांधली नाही आणि सुटून हरवली, तर त्यातले मार्क गेले. अण्णांना भास सुरू झाले आणि तिसऱ्या पेपरपासून त्यांना मुलांच्या हाका ऐकू यायला लागल्या. सर, पुरवणी. सर, पुरवणी. कागद नव्हता. ते हवालदिल होऊन कपाटं उघडायचे. "पोरांचा वेळ चाललाय मावशी, पुरवण्या कुठं ठेवल्या?"

आईनं माझ्या खोलीतून पत्रकं आणली. बायकांच्या एका मेळाव्याची होती, मेळावा रद्द झाला आणि पाचशेचा गठ्ठा पलंगाखाली पडून होता. गुलाबी कागद, एका बाजूला छापलेला, दुसरी बाजू कोरी. मथळा मीच दिलेला होता: 'तिला बोलू द्या!' आईनं ती पालथी करून अण्णांच्या हातात दिली आणि गोधडीच्या टाक्याचा पांढरा दोरा बोटभर बोटभर तोडून बशीत ठेवला. अण्णा एकेक कागद देत ओळीतून फिरायचे. गुलाबी पत्रकं सोफ्यावर, फरशीवर, फ्रीजखाली. पंख्याच्या वाऱ्यानं उलटली की माझाच मथळा माझ्याकडं बघायचा. दोन वाजायला दहा मिनिटं असली की अण्णा म्हणायचे, "शेवटची दहा मिनिटं. पुरवण्या बांधून घ्या." आई फरशीवर बसून कागद गोळा करायची, दोरा ओवून बांधायची. घंटा झाली की घर पुन्हा घर. अण्णा थकून वरणभात खायचे. कपाळ कोरडं, डोळे शांत. दिवसातला तेवढाच वेळ ते आमचे असायचे.

शेख सर अधूनमधून यायचे. ते अण्णांबरोबर सिल्लोडला इतिहास शिकवायचे, आता दोन गल्ल्या सोडून राहतात. एकदा दारातूनच ओरडले, "भरारी पथक आ गया!" अण्णा लगबगीनं शर्टाची गुंडी लावायला लागले. शेख सर गंभीर चेहऱ्यानं हॉलमध्ये फिरले, फ्रीजसमोर थांबले आणि हवेला दटावलं, "क्या रे, हॉल तिकीट दिखा."

"मुलगी आहे ती, शेख," अण्णा म्हणाले.

"हौ हौ, बेटी है. चष्मा नहीं लगाया मैं."

आई पदरात तोंड लपवून हसली. अण्णासुद्धा हसले. "निघताना शेरा लिहून जा," म्हणाले. शेख सरांनी गुलाबी कागदाच्या मागं लिहिलं, 'केंद्र उत्तम. चहा अत्युत्तम.' तो कागद आईनं डाळीच्या डब्यात जपून ठेवला आहे.

निघताना मी त्यांना फाटकापाशी अडवलं. म्हटलं, सर, तुम्हीसुद्धा? अशानं त्यांचा भ्रम पक्का होतो. त्यांनी फाटकाची कडी लावून घेतली. मग म्हणाले, "बेटा, तू सच बोलती, अच्छी बात है. पन सच बोल के तू क्रांती चौक कू चली जाती. अम्मी घर में रैती."

मला राग आला. बरोबर बोलणाऱ्याचा येतो तसा.

इथवर मी गोड गोड लिहिलंय, हे मला कळतंय. लोकांना असंच आवडतं: आजारी म्हातारा, समजूतदार म्हातारी, मजेशीर मित्र. तर ऐका. हे रोज असं नव्हतं. खिडकीतले लोक यायला लागले होते.

आमच्या हॉलची खिडकी कुंपणाच्या भिंतीवर उघडते. तिथून अण्णांना माणसं आत शिरताना दिसायची. गजांतून हात घालणारी, हातात दगड असलेली. "लावा, खिडकी लावा!" ते ओरडायचे आणि डाव्या भुवईवर हात दाबून खाली बसायचे. जुन्या जखमेवरून हात काढून तळवा बघायचे. तळव्याला रक्त दिसायचं त्यांना. आई ओल्या फडक्यानं तळवा पुसायची, पुन्हा दिसायचं, पुन्हा पुसायची. उन्हाच्या कडाक्यात खिडक्या बंद, वर चादर टांगलेली, पंखा गरम हवा फिरवतोय आणि अण्णा बाप्या माणसासारखे नाही, लहान लेकरासारखे रडतायत. त्यात ती तिसऱ्या बाकावरची मुलगी. ती रडायची. का रडते ते अण्णांना कळायचं नाही. "तिला विचारा मावशी. तिला कुणी काही केलंय का विचारा." आई फ्रीजसमोर उकिडवी बसून विचारायची, "काय झालं बाई?"

आईचं वजन उतरलं. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. सिल्लोडहून काका आले, दोन तास बसले आणि 'बाहेरचं काहीतरी दिसतंय, बघून घ्या' असं सांगून गेले. ज्यानं जन्मभर पोरांना भूत नसतं म्हणून शिकवलं, त्याच्याच घरात सख्खा भाऊ भूत ठेवून गेला. थांबायला, एक दिवस अण्णांपाशी बसायला, ना काका होते ना काकू. ह्या एवढ्या मोठ्या शहरात अशा माणसाला चार तास सांभाळेल अशी जागा मी शोधली. जिथं फोन केला तिथं एकच प्रश्न, "घरी बाई नाही का कुणी?" आहे की. बाई आहे. तीच तर झिजतेय. आणि मी? मी घरीच राहत होते ना? राहत होते. सकाळी दहाला निघत होते. अकराची घंटा व्हायच्या आत.

गणिताच्या पेपरचा दिवस होता. मी पिशवी विसरले म्हणून परत आले. दार लोटलेलं. आई हॉलच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभी होती. अण्णा तिच्यासमोर, चेहरा लालबुंद.

"मला सगळं कळतं मावशी. कॉप्या आत आणता त्या तुम्हीच. पदर झाडा."

आईनं पदर झाडला.

"ओचा झाडा."

बासष्ट वर्षांची माझी आई स्वतःच्या घरात स्वतःच्या नवऱ्यासमोर लुगडं झाडून दाखवत होती. ओच्यातून काय पडलं तर दोऱ्याचे तुकडे. बोटभर बोटभर तोडलेले. तिनं माझ्याकडं बघितलं. तिला लाज वाटली होती ती ह्याची, की मी बघितलं.

माझ्यातली पत्रकवाली उठली. बस्स, म्हटलं. आजच्या आज डॉक्टर. आई म्हणाली, "पेपर सुटू दी. दोन वाजता शांत होतेत." मी ऐकलं नाही. रिक्षा आणली. दोघांना बसवलं. अण्णा मागं वळून वळून म्हणत होते, "वर्गावर कोण आहे? वर्गावर कुणीच नाही."

दवाखाना कुठला, डॉक्टर कोण, हे लिहिण्यात अर्थ नाही. डॉक्टर वाईट नव्हते. बाहेर पन्नास माणसं बसली होती, तरी त्यांनी विचारायचं ते विचारलं. आईकडं बघून विचारलं, "चालताना पाय घासतात का? हात थरथरतात? अंग ताठ वाटतं?"

"तसं दिवाळीपासनं जरा..." आई म्हणाली.

"आई, थांब," मी म्हटलं. "डॉक्टर, चालण्याचा प्रश्नच नाही. सकाळी तीन तास उभे असतात. प्रश्न भासांचा आहे. ते घाबरतात, ओरडतात, आईवर धावून जातात. आमचं म्हणणं एवढंच आहे, हे भास बंद झाले पाहिजेत."

आमचं म्हणणं. मी दोन्ही हात टेबलावर ठेवून बोलत होते. वाक्यं तयार होती. आई माझ्या मागं उभी होती, तिथं तिसरी खुर्ची नव्हती. ती परत काहीतरी बोलायला लागली, "पाय वडतेत ते..." आणि मी मागं न वळता हात वर केला. सभेत आवाज बंद करायला करतो तसा. डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं आणि गोळी लिहून दिली.

मागणी मान्य झाली.

तीन दिवसांत भास थांबले. अकराची घंटा झाली, अण्णा उठले नाहीत. मी आईला म्हटलं, "बघ." हा शब्द माझ्या तोंडातून गेलाय. बघ. आई बघत होती. ती चमच्याकडं बघत होती. अण्णांचं तोंड उघडत नव्हतं. पाचव्या दिवशी मान ताठ झाली. हात कोपरात दुमडला तो सरळ होईना, लाळ गळायला लागली, अंग तापलं. दुसऱ्या दवाखान्यात भरती केलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आईला कोपऱ्यात नेऊन बसवलं, पाणी दिलं आणि अर्धा तास नुसतं ऐकलं. मग बाहेर येऊन मला सांगितलं. ह्या आजाराला लेवी बॉडी म्हणतात. त्यात भास होतात, पाय ओढतात, अंग ताठतं. आणि भासांवरच्या काही गोळ्या ह्याच रोग्यांवर फार वाईट उलटतात. "पाय ओढत होते, असं तुमच्या आई सांगतात. आधी कुणी विचारलं नव्हतं का?"

विचारलं होतं, असं मी म्हणाले नाही. मी, सच बोलणारी, मान खाली घालून उभी राहिले.

गोळी थांबवली. ताप उतरला, जीव वाचला. अण्णा घरी आले त्या दिवशी शाळेच्या फाटकावरचा कागद फाडून काढलेला होता आणि रसवंतीवाला घुंगरं पुन्हा बांधत होता. अण्णांना उचलून पलंगावर ठेवलं. तिथून ते उठले नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, थोडंफार परत येईल, सगळं येणार नाही. थोडंफारसुद्धा आलं नाही. खिडकीतली माणसं गेली. मुलं गेली. त्यांच्याबरोबर मावशीही गेली. आता ते आईला काहीच म्हणत नाहीत. ती भरवते तेव्हा त्यांचे डोळे तिच्या चेहऱ्यावरून भिंतीवर जातात, मध्ये कुठं अडत नाहीत.

वर्ष झालं. आई मला एकदाही बोलली नाही. बोलली असती तर मी उत्तर दिलं असतं. माझ्याकडं उत्तरं होती. व्यवस्था, सोयी, गर्दी, पाच मिनिटांत रोगी तपासायची घाई. सगळी खरी आहेत. त्या खोलीत तो हात माझा होता, हेही खरं आहे.

आज गणिताचा पेपर होता. मी घरी राहिले. हल्ली अकराच्या घंटेला घरी राहते, आता राहून काही उपयोग नाही तेव्हा. घंटा झाली. आईनं अण्णांची कूस बदलली, पाठीला पावडर लावली, पांघरूण सारखं केलं. मग माझ्या पलंगाखालून गुलाबी गठ्ठा ओढला, एक कागद काढला आणि फ्रीजसमोर फरशीवर नीट ठेवला. कोरी बाजू वर. त्यावर दोऱ्याचा तुकडा.

"आई, काय करतेस?"

"त्या दिवशी तिला नाय मिळाली," ती म्हणाली. "गणिताचाच पेपर हुता. आपण दवाखान्यात गेलो. ती पोरगी तशीच राहिली."

एक वर्षापूर्वी मी म्हटलं असतं, आई, इथं कुणी नाही. आज म्हटलं नाही. ती खाली बसली, भिंतीला टेकून. मी तिच्याशेजारी बसले. पलंगावरून अण्णांचा श्वास ऐकू येत होता, मध्ये अडणारा. बाहेर रसवंतीचं चाक मुक्यानं फिरत असणार.

दीड वाजून गेल्यावर ती म्हणाली, "तुझ्याकडं पेन हाय का?"

होता.

"मग लिही. मी सांगते."

मी फ्रीजसमोरचा कागद उचलला. मांडीवर ठेवला.

"लिही. दिवाळीपासनं पाय वडत चालायचे. चपलीचा आवाज बदलला हुता, मला स्वयंपाकघरातनं कळायचं. डावा हात कापायचा, पेपर धरला की कडकड वाजायचा. झोपंत बोलायचे, लाथा मारायचे. कूस बदलायची तर मला हाक मारायचे, अगं म्हणून. ती मावशी नव्हती. झोपंत अगंच म्हणायचे. गोळी सुरू केली त्याच्या आदल्या दिसापोतर."

मी लिहीत होते. मध्ये थांबवलं नाही. मध्ये शब्द सुचवला नाही.

"एवढंच हुतं," ती म्हणाली. "लई नव्हतं. दोन मिन्टाचं हुतं."

मागं शाळेत कुणीतरी मोठ्यानं सांगितलं, शेवटची दहा मिनिटं, पुरवण्या बांधून घ्या. आम्ही दोघींनी पलंगाकडं बघितलं. अण्णा छताकडं बघत होते.

आईनं माझ्या हातातून कागद घेतला. उलटसुलट केला. तिला वाचता येतं, पण तिनं वाचला नाही. कोपऱ्यात टोचून दोरा ओवला, गाठ मारली. बांधायला दुसरं काहीच नव्हतं, तरी मारली.

"झालं," ती म्हणाली. "आता हे कुणाकडं जमा करायचं?"